न फुटलेली कुपी

कुपी उचलली आणि ती आत वाजली. टिक, एवढंच. वाजायला नको होती. मी ती पुन्हा हलवली, पुन्हा टिक, आणि मग हातातला कचऱ्याचा डबा खाली ठेवून मी ती दिव्यासमोर धरली. एकोणतीस वर्षं मी या इस्पितळाच्या तळघरात ऑपरेशनची उपकरणं धुतो, ताटात लावून बांधतो आणि वाफेच्या यंत्रात घालून निर्जंतुक करतो. आदल्या दिवसाच्या कुप्या टाकून देणं हेही माझंच काम, म्हणजे कोणाचंच नाही म्हणून माझं. बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची कुपी असते. तळाशी कागदाची पट्टी, तिच्यावर मुद्दाम पेरलेले, सहजासहजी न मरणारे जंतू. वर काचेची नाजूक नळी, तिच्यात जांभळं पाणी. उपकरणांबरोबर कुपीही वाफेत जाते. बाहेर आली की अंगठ्यानं दाबून आतली काच फोडायची, पाणी पट्टीवर उतरू द्यायचं आणि रात्रभर गरम पेटीत ठेवायची. जंतू जगले असतील तर पाणी पिवळं होतं, मेले असतील तर जांभळंच राहतं. जांभळं म्हणजे पास. पण काच फोडलीच नाही तर पाणी पट्टीला शिवणार नाही, आणि मग ते पिवळं व्हायचं कुठून? जन्मभर जांभळंच राहणार. पेपर न देता पहिल्या वर्गात पास झालेलं कार्टं ते. माझ्या हातातल्या कुपीतली काच अखंड होती.

वही उघडली. यंत्राच्या एका खेपेला आम्ही घाणा म्हणतो. कालचा दुसरा घाणा, बारा ताटं. ‘कुपी ठेवली’ या रकान्यात पेन्सिलची सही. ‘कुपी पाहिली, सकाळी सात, जांभळी’, तिथेही पेन्सिलची सही. त्यानंतर ताटं वर ऑपरेशन थिएटरला गेलेली. पेन्सिल म्हणजे आमचा इनचार्ज. कानामागं कायम पेन्सिल खोचलेली असते म्हणून पेन्सिल. वही तर पेननंच लिहायची असते, तेव्हा ती पेन्सिल निव्वळ शोभेची. मी त्या दोन सह्या पाहिल्या आणि मला आनंद झाला. लपवून काय करू. आधी आनंद झाला, छातीत गरम काहीतरी पसरलं, आणि बारा ताटांचा विचार त्याच्या मागून आला, उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखा. सुंठीवाचून खोकला गेला, हे शब्द मी तोंडानं उच्चारलेसुद्धा. खोलीत कोणी नव्हतं म्हणून बरं.

तीन वर्षांपूर्वी इनचार्जची जागा माझी होती. म्हणजे होणार होती, कागद टाइप होऊन आला होता. एका रविवारी मी पेन्सिलबरोबर पाळी बदलली, तोंडी, आम्ही सगळेच बदलायचो तशी, आणि बायकोबरोबर चर्चला गेलो. त्या दिवशी दुपारी तातडीची केस आली, तळघरात कोणी नव्हतं, आणि मेट्रनसमोर पेन्सिल म्हणाला, “कसली बदली? मला काही माहीत नाही.” शांतपणे म्हणाला. माझ्याकडे बघूनच म्हणाला. मला लेखी नोटीस मिळाली, दुसरी मिळाली तर घरी बसा असा तिचा अर्थ, आणि जागा त्याला गेली. लोक म्हणाले, देवाच्या दारात गेलास म्हणून देवानं दार दाखवलं. मीही हसलो. त्यानंतर गेली तीन वर्षं प्रभूच्या प्रार्थनेत आम्ही जशी दुसऱ्यांना क्षमा करतो तशी आम्हाला कर, या अर्थाची जी ओळ येते तिथं मी गप्प उभा राहतो. खोटं बोलायचं नाही एवढं तरी पाळावं म्हणून. बायको शेजारी असते. ती मला कधी काही बोलली नाही, पण त्या ओळीला तिचा आवाज जरा चढतो, दोघांचा वाटा भरून काढावा तसा.

भिंतीवर फोन होता. मेट्रनचा नंबर तीन आकडी, मला पाठ. मी रिसीव्हर उचललाही. यात खोटं काय होतं? जे घडलं तेच सांगायचं होतं. सत्याला काय, ते कोणाच्या का तोंडून येईना. पण रिसीव्हर कानाला लावलेला असताना मला माझा श्वास ऐकू आला, आणि तो मला अजिबात आवडला नाही. चांगली बातमी सांगायला धावत आलेल्या माणसाचा श्वास होता तो. आई मला आठवली, आणि मी वैतागलो, कारण ती नेमकी नको तेव्हा आठवते. आई लोकांचे कपडे इस्त्री करायची. एकदा तिच्या हातून एका वकिलाचा पांढरा शर्ट पाठीवर जळाला. शेजारीण म्हणाली, सांग की आणताना आधीच डाग होता. आईनं शर्ट घडी घातला, मला बरोबर घेतलं, वकिलाच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, “माझ्या हातून जळला.” वकिलानं दार लावून घेतलं आणि पुन्हा कधी कपडे दिले नाहीत. त्याच्या ओळखीच्या दोन घरांनीही दिले नाहीत. त्या महिन्यात आम्ही काटकसरीनं जेवलो. देव बघतो वगैरे आई म्हणाली नाही. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, “मला माहीत होतं ना.” मला तेव्हा तिचा राग आला होता. अजूनही थोडा आहे.

आणि दुसरी अडचण चर्चच्या पाळकांची. ते म्हातारे झालेत, एकच प्रवचन फिरवून फिरवून करतात, पण एक गोष्ट त्यांनी माझ्या डोक्यात खिळ्यासारखी ठोकून ठेवलीय: भावाचं चुकलं तर आधी त्याच्याकडे जा, आणि एकट्यानं जा. चारचौघांत नाही, वरिष्ठांकडे नाही. तुम्ही दोघेच. न ऐकलं तर पुढचं पुढं. हे प्रभूनं सांगितलंय, माझं नाही, असंही ते दरवेळी जोडतात, म्हणजे कोणाला तक्रार करायची सोय राहू नये. पेन्सिल माझा भाऊ कधीपासून झाला, असं मी त्या रिसीव्हरलाच विचारलं. त्यानं माझ्याशी जे केलं ते चारचौघांत केलं, आणि मी मात्र दार लावून, हळू आवाजात? वर ताटं पडली होती. मी घड्याळ पाहिलं. नऊ पन्नास. पुढची केस सव्वादहाची. मनाचे हे खेळ चालू असताना एखादं ताट उघडलं जाईल, हे लक्षात आलं. मी मेट्रनचा नंबर न फिरवता थिएटरचा फिरवला.

“सिस्टर, कालच्या दुसऱ्या घाण्याची ताटं उघडू नका. दहा मिनिटं थांबा.”

“का हो मामा?” थिएटरची सिस्टर मला मामाच म्हणते, तळघरातल्या मुलींचं ऐकून.

“सांगतो. दहा मिनिटं द्या.”

“एक ताट आठला उघडलंय. खुब्याची केस होती, त्या आजीबाई. आत्ताच वॉर्डात नेलं त्यांना.” मग तिनं विचारलं, “काही गडबड आहे का?”

“दहा मिनिटं,” मी म्हणालो आणि फोन ठेवला.

आता ती आजीबाई माझ्याबरोबर खोलीत होती. तिला मी पाहिलंही नव्हतं, पण तिचा खुबा उघडलेला, त्यात नवा धातू बसवलेला, आणि त्या धातूला लावलेली हत्यारं पेन्सिलनं न तपासता वर पाठवलेली. हाडात शिरलेला जंतू सहज निघत नाही. हे मी मनात अगदी ठळक चित्र काढून पाहिलं: ताप, पू, दुसरं ऑपरेशन, रडणारी मुलं. आणि पेन्सिलला जाब विचारायला निघालेला मी. कुपी रुमालात गुंडाळून मी बांधणीच्या लांब टेबलांमधून चाललो. मुली हिरव्या कापडाच्या घड्या घालत होत्या, एकीनं काहीतरी विचारलं, मी मान हलवली. कुपी फोडायला विसरतो कसा माणूस? मला नाही कधी विसरायला झालं. अंगठा दाबला की काच कचकन मोडते, तो बारीक आवाज इतका सवयीचा आहे की कानाला कळण्याआधी अंगठ्याला कळतो. काल दुपारीही घाणा मीच बाहेर काढला होता. यंत्राचं दार उघडलं, चेहऱ्यावर वाफेचा भपकारा आला, गाडा ओढला, आणि खिशात फोन थरथरला. शेजारची मुलगी घाबऱ्या आवाजात म्हणाली, काकू जिन्यावरून पडल्या. मग मी रस्त्यावर होतो, अंगात ॲप्रन तसाच. बायकोचा पाय मुरगळला होता, बाकी काही नाही, वर मलाच म्हणाली, “एवढं धावत यायला मी काय मेले होते?” फोन आणि रस्ता यांच्यामध्ये काय झालं ते मला आठवेना. गाडा मी कुठं सोडला? पेन्सिल तेव्हा कुठं होता? तो पलीकडे, धुण्याच्या भागात, बिघडलेल्या पंपापाशी मिस्त्रीशी हुज्जत घालत होता. त्याचा आवाज ऐकू येत होता. मग कुपी कोणी ठेवली? कोणी म्हणजे, सही त्याची आहे. सही त्याची आहे, असं मी चालता चालता चार वेळा म्हणालो.

पेन्सिलची केबिन म्हणजे काचेचा खुराडा. मी आत जाऊन दार लावून घेतलं. तो मान वर करून बघत राहिला, कारण तीन वर्षांत मी त्या खोलीत कामाशिवाय आणि दार लावून कधी आलो नव्हतो. मी रुमाल उलगडून कुपी टेबलावर ठेवली. त्यानं ती उचलली, हलवली. टिक. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला, आणि मी तो उतरताना पाहिला, अगदी शेवटपर्यंत.

“कालची?”

“दुसऱ्या घाण्याची. तुझी सही आहे.” मला वाटलं होतं हे वाक्य म्हणताना फार बरं वाटेल.

त्यानं कुपी टेबलावर परत ठेवली. मग म्हणाला, “सही माझी आहे. कुपी तू ठेवलीस.”

“मी?”

“वहिनी पडल्या म्हणून फोन आला ना तुला. हातातली कुपी तू पेटीत टाकलीस आणि पळालास. बांधणीतली ती गव्हाळ रंगाची मुलगी होती तिथं, विचार तिला. मी आलो तर रकाना कोरा. कोणी पाहिलं असतं तर विचारलं असतं, मध्येच गेला कुठं. तुला एक नोटीस आहे आधीच.” तो टेबलाकडे बघत बोलत होता. “म्हणून मी सही ठोकली.”

“तुला कोणी सांगितलं होतं?”

“कोणी नाही.” मग, आवाज खाली आणून, “ती पहिली नोटीस कोणामुळे मिळाली ते मला माहीत नाही का? त्या रविवारी तू बदली केली होतीस माझ्याशी. मला आठवत होतं तेव्हाही.”

तीन वर्षं मी या वाक्याची वाट पाहिली होती. झोपेत पाहिली होती, जेवताना पाहिली होती. ते आलं, आणि मला त्याच्याकडे लक्षच देता येईना, कारण मी अंगठ्यात काल दुपारचा तो कचकन आवाज शोधत होतो. हजारो वेळचे आवाज सापडत होते, कालचा सापडत नव्हता. फोन थरथरला, डावा हात खिशात गेला, उजव्या हातात कुपी होती, आणि उजवा हात तसाच पुढं होऊन पेटीचं झाकण उघडून... दाबलंच नाही. आता ते इतकं स्पष्ट दिसलं की आधी दिसलं कसं नाही याचंच नवल वाटावं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिव्यासमोर धरून बघत होतो मी.

“आण ती इकडे,” पेन्सिल म्हणाला आणि कुपी मुठीत घेतली. “मी टाकून देतो. उरलेली अकरा ताटं कापड फाटलंय सांगून खाली आणू, परत फिरवू. यंत्राचा तापमानाचा चार्ट चांगला आहे. ताटांवरच्या चिकटपट्ट्या वाफेनं काळ्या झाल्यात. यंत्र ठणठणीत आहे. म्हातारीला काही होणार नाही.”

“होणार नाही,” मी म्हणालो. मला खरंच तसं वाटलं. यंत्र नवं होतं, चार्टवरची रेघ सरळ होती, वर्षभरात एक कुपी पिवळी झाली नव्हती. आणि बोलून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की दहा मिनिटांपूर्वी, चूक पेन्सिलची होती तेव्हा, हीच म्हातारी पुवानं आणि तापानं मरायला टेकली होती. चूक माझी झाल्याबरोबर ती खडखडीत बरी झाली, यंत्रसुद्धा सुधारलं. आपला तो बाब्या, हे मी ऐकून होतो, पण आपल्याच मनाला ते इतक्या सफाईनं करताना पकडणं वेगळं. मला स्वतःची शिसारी आली. त्याबरोबर भीतीही. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. दुसरी नोटीस म्हणजे एकोणतीस वर्षांवर बोळा फिरणार. बायको म्हणणार नाही काही, पण तिचा तो न बोलणारा चेहरा मी रोज समोर घेऊन बसायचं. शिवाय खरं सांगितलं तर पेन्सिलची खोटी सही उघडी पडते. माझ्यावर केलेल्या एकुलत्या एक उपकाराबद्दल मी त्याला गोत्यात आणायचं? बघा, दयाही कामाला आली. वाईटाच्या मदतीला चांगुलपणा किती पटकन धावतो. मी मनात देवाला म्हणालो, मला यातून काढ. कसं ते म्हणालो नाही, कारण मला हवं होतं ते उत्तर त्याच्याकडे मागायची लाज वाटली.

टेबलावरचा फोन वाजला. पेन्सिलनं हात पुढं केला नाही. दोनदा, तीनदा वाजला. मी उचलला.

“मामा, दहा मिनिटं झाली,” सिस्टर म्हणाली. “पेशंट टेबलावर घेतोय. उघडू का ताट?”

पेन्सिल माझ्याकडे बघत होता. कुपी त्याच्या मुठीत होती.

“नको,” मी म्हणालो. “वेगळ्या घाण्यातलं घ्या. काल कुपी मी न फोडता ठेवली. तपासणी झालेलीच नाही. चूक माझी. सकाळच्या आजीबाईंच्या सर्जनना सांगा. मी मेट्रनकडे जातो.”

मी फोन ठेवला. मन हलकं होतं म्हणतात, तसलं काही झालं नाही. पेन्सिलनं मूठ उघडली आणि कुपी माझ्यापुढं ठेवली. “मूर्ख आहेस,” तो म्हणाला. उठला, ॲप्रनची गाठ आवळली. “ताटं मी आणतो खाली. सहीचं माझं मी सांगेन, तू त्यात पडू नकोस.” दार उघडून तो गेला. क्षमा करायची की नाही यावर मी तीन वर्षं मालक होऊन बसलो होतो. त्याच्या पाठीकडे बघताना समजलं की ती मालकी केव्हाच संपली होती, मीच उगाच गल्ल्यावर बसून होतो.

मेट्रननं सगळं ऐकून घेतलं. लेखी द्या, म्हणाल्या. नोकरीचं समिती ठरवील, मी तुम्हाला खोटी आशा लावत नाही, हेही म्हणाल्या. पेशंटला सर्जन सांगतील. मी म्हणालो, मला बरोबर जाऊ द्या. “तुमचं तिथं काय काम?” त्यांनी विचारलं. चूक माझी आहे, एवढंच पुन्हा म्हणालो. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि जा म्हणाल्या.

एकोणतीस वर्षांत मी वॉर्डात पेशंटसमोर कधी उभा राहिलो नव्हतो. आमची ताटं वर जातात, आम्ही जात नाही. आजीबाई पंच्याहत्तरीच्या, अंगानं बारीक, जाग्या होत्या. पायथ्याशी मुलगा उभा होता, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. सर्जननी तोलून मापून सांगितलं: एक तपासणी राहून गेली आहे, धोका फार कमी आहे, औषध चालू केलं आहे, दहा दिवस ताप आणि जखम यांवर बारीक नजर ठेवू. मुलगा विचारत होता, राहून गेली म्हणजे काय, कोणाकडून राहून गेली. सर्जन ‘आमच्या यंत्रणेत’ असं काहीतरी म्हणायला लागले.

“माझ्याकडून,” मी म्हणालो. “उपकरणं मी निर्जंतुक करतो. काल मी विसरलो.”

त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “तुम्ही बोलला नसता तर कळलं असतं आम्हाला?”

“नाही.”

“आणि बहुतेक काही झालंही नसतं.”

“बहुतेक नाही.”

“मग आता दहा दिवस ही झोपणार नाही, मी झोपणार नाही. तुमचं ओझं तुम्ही उतरवलंत, ते आमच्या डोक्यावर ठेवलंत.” त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. “त्याचं काय?”

येताना जिन्यात मी क्षमा मागायची वाक्यं जुळवली होती, ती सगळी एकदम माझ्याच सोयीची वाटायला लागली. सर्जननी माझ्या कोपराला हात लावला, चला आता, अशा अर्थानं. मी हललो नाही. “बरोबर आहे तुमचं,” मी मुलाला म्हणालो.

“ए,” आजीबाई म्हणाल्या. आम्ही तिघंही वळलो. त्या माझ्याकडे बघत होत्या. “इकडे ये. ताप कसा बघायचा असतो, येतं का तुला?”

“हात लावून येतो.”

“मग बघ ना. उभा काय राहिलास?”

मी पलंगाजवळ गेलो. मुलगा बाजूला झाला नाही, मला त्याच्या कडेनं वाकावं लागलं. कपाळ लहानसं होतं, कातडी कागदासारखी पातळ, आणि खाली एक शीर सावकाश उडत होती. माझाच हात इतका थंड पडला होता की आधी काही कळेना. मी तो तसाच ठेवून थांबलो.

“ताप नाही,” मी म्हणालो.

“आज नाही,” त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले. “उद्या ये. हा ओरडेल तुला, तरी ये. कामावरून काढलं तरी ये. दहा दिवस म्हणालेत ते.”

“येतो,” मी म्हणालो. मुलानं भिंतीजवळची खुर्ची पायानं माझ्याकडे सरकवली.